समुद्राच्या गाळातून प्राचीन थंडी कशी मोजायची: साताऱ्यात बसून करता येईल अशी रीत

दरवर्षी भूशास्त्राच्या वर्गात फोरॅमिनिफेराची, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची, पहिली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, आपल्याकडं समुद्रच नाही, मग हे करायचं कुठं?" प्रश्न रास्त आहे. अजिंक्यताऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंत आपला सगळा मुलूख सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कोयना खोऱ्यात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधनं घेतली, तेव्हा एक-सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. मधे समुद्री गाळाचा थर नाहीच. तेव्हा इथल्या दगडात समुद्राचं तापमान शोधायला जाऊ नका.

पण या कामासाठी समुद्रकाठी राहावं लागत नाही. चमचाभर गाळ, चांगल्या चाळण्या, सूक्ष्मदर्शक आणि तासन् तास बसायची तयारी एवढं पुरतं. रासायनिक मोजणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेता येते आणि हिशेब तर वहीत होतो.

फोरॅमिनिफेरा, म्हणजे आमच्या बोलण्यातले 'फोरॅम', हे एकपेशीय जीव आहेत. त्यांचं चुन्याचं कवच वाळूच्या कणाएवढं असतं. काही जाती पृष्ठभागाजवळ तरंगतात, काही तळावर राहतात. कवच बांधताना भोवतालच्या पाण्याचा गुण त्यात उतरतो, आणि जीव मेला की ते कवच नोंदीसकट तळाशी जाऊन बसतं. माझा आग्रह एकच आहे: एका मापावरून 'समुद्र इतका थंड झाला' असं लिहू नका. त्याच कवचातून दुसरी साक्ष काढा आणि दोघींची उलटतपासणी घ्या. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी प्रश्न नेमका करा

'प्राचीन थंडी' म्हणजे कुठली? सुमारे २० हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगाच्या ऐन भरातली, की ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर पहिल्यांदा मोठं हिमावरण बसलं तेव्हाची? यावर जात, रसायन, वय काढायची पद्धत, सगळंच ठरतं. सुरुवात करणाऱ्यानं शेवटचं हिमयुग घ्यावं. त्या काळच्या जाती आजही जिवंत आहेत, त्यामुळे त्या कोणत्या पाण्यात राहतात हे माहीत असतं.

गाळ साचायचा वेगही आधीच बघा. खोल समुद्रात हजार वर्षांत साधारण १ ते ३ सेंटीमीटर गाळ बसतो. त्यात तळावरचे किडे वरचे ५ ते १० सेंटीमीटर सतत उकरत असतात. म्हणजे हजार वर्षांना २ सेंटीमीटर वेग असलेल्या गाभ्यात (तळात नळी घुसवून काढलेल्या गाळाच्या उभ्या दांड्यात) तुमचा एक नमुना काही हजार वर्षांची सरासरी असू शकतो. असा गाभा घेऊन शंभर वर्षांची थंडीची लाट शोधायला बसलात तर हाती काही लागणार नाही.

गाळ कुठून मिळवायचा

खरा नमुना संशोधन जहाजानं काढलेल्या गाभ्यातूनच येतो. भारतात समुद्री गाळावरचं काम मुख्यतः गोव्यात चालतं, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आणि ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात. प्रबंधासाठी तिथल्या मार्गदर्शकांशी जोडून घेणं हा सरळ मार्ग. अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यात २०१५ साली 'जॉइडीस रेझोल्यूशन' या जहाजानं आंतरराष्ट्रीय मोहिमेत खोल विंधनं घेतली. ते गाभे जपानमधल्या कोची इथल्या भांडारात आहेत. संशोधनाचा रीतसर प्रस्ताव दिला तर अशा भांडारांतून नमुने मिळतात.

हात बसवण्यासाठी मात्र कोकण पुरे. कराडहून कुंभार्ली घाट उतरा, चिपळूण ओलांडून दाभोळच्या खाडीवर जा आणि ओहोटीला वरचा एक सेंटीमीटर चिखल खरवडून घ्या. (आपल्या कोयनेचं पाणीही वीज करून वाशिष्ठीतून याच खाडीत उतरतं, हे मुलांना मी आवर्जून सांगते.) त्यात अमोनिया, एल्फिडियम, क्विंक्वेलोक्युलिना अशा उथळ पाण्यातल्या जाती भेटतात. खाडीचं तापमान आणि खारटपणा दिवसागणिक बदलतात, म्हणून यावरून हवामानाचा इतिहास काढू नका. धुणं, निवडणं, ओळखणं शिका, तेवढ्यासाठी हा चिखल सोन्यासारखा आहे.

धुणं आणि चाळणं

सुमारे १० ग्रॅम कोरडा गाळ वजन करून घ्या. नमुन्याचा निम्मा भाग आधीच बाजूला काढून ठेवा, तो धुवायचा नाही. घेतलेला गाळ रात्रभर पाण्यात भिजवा. चिकणमाती सुटत नसेल तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं सौम्य द्रावण वापरा. सेंद्रिय चिखल काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण ते आम्लाकडं झुकलं की पातळ कवचं खातं, त्यामुळे रसायन मोजायच्या नमुन्यावर मी ते घालत नाही.

मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याची बारीक धार सोडून धुवायचं. हे छिद्र साधारण माणसाच्या केसाच्या जाडीचं. बोटानं चोळायचं नाही, ब्रशनं घासायचं नाही. खालचं पाणी नितळ येईपर्यंत धार चालू ठेवायची. वर उरेल ते ५० अंशांच्या आत वाळवा. शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं खळबळायचं, पण कवचं त्यात दिवसभर ठेवायची नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते पाणी किंचित आम्ल होतं.

आता एक गोष्ट, जिची किंमत मी स्वतः मोजली आहे. शिकत असताना एका प्रयोगशाळेत हिमयुगाच्या थरातला माझा नमुना आजच्यासारखा उबदार निघाला. दोन महिने मी त्याचं स्पष्टीकरण शोधत बसले. कारण होतं चाळणीत: आधीच्या कुणीतरी धुतलेल्या वरच्या थरातली कवचं जाळीत अडकून राहिली होती आणि ती माझ्या बशीत उतरली होती. तेव्हापासून दोन नमुन्यांच्या मधे चाळणी मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवल्याशिवाय मी पुढचा गाळ घेत नाही. अडकलेलं कवच असलं तर ते निळं होतं. पुढच्या बशीत निळा कण दिसला की तो परका, काढून टाकायचा. दोन मिनिटांचं काम आहे, त्याला कंटाळा करू नका.

निवडणं: इथे घाई करणारा पुढे फसतो

वाळलेला भाग १५० मायक्रॉनच्या चाळणीतून पुन्हा चाळा. वरचा भाग काळ्या बशीत पातळ पसरा. तीन शून्यांचा बारीक ब्रश पाण्यात टेकवून त्याच्या टोकानं एकेक कवच उचला आणि कप्प्यांच्या स्लाइडवर ठेवा. आपल्या घरात ज्यानं ज्वारी निवडलेली बघितली आहे त्याला हे जमतं. नजर खड्यावर ठेवायची नसते, ती दाण्यांवरून फिरती ठेवायची आणि खडा आपोआप टोचतो. इथेही तसंच होतं, दोन-तीन आठवड्यांनी हवी ती जात आपोआप डोळ्यात भरायला लागते.

पृष्ठभागाच्या तापमानासाठी आपल्या समुद्रात ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर ही जात धरतात. शेवटच्या वेढ्यात तीन फुगीर कप्पे, आणि मुख्य तोंड आधीच्या दोन कप्प्यांच्या सांध्यावर अगदी मधोमध. तोंड एका बाजूला सरकलेलं दिसलं तर ती वेगळी जात समजा आणि बाजूला ठेवा. आकारही एकच घ्या, म्हणजे २५० ते ३५५ मायक्रॉन, कारण वाढीच्या टप्प्यानुसार रसायन बदलतं. तळाच्या पाण्यासाठी सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फी चांगली.

जातीइतकंच कवचाचं आरोग्य पारखा. चांगलं टिकलेलं कवच काचेच्या गोटीसारखं असतं, उजेड आरपार जातो, ओलं केलं की जवळजवळ नाहीसं होतं. बिघडलेलं कवच पांढरंफटक, साखरेचा थर चढल्यासारखं. आकार दोघांचा तोच, जातही तीच, पण दुसऱ्याचा चुना तळाच्या थंड पाण्यात नव्यानं घडलेला आहे. ते मोजलं तर पृष्ठभागाचा समुद्र होता त्यापेक्षा थंड दिसतो. उष्ण कटिबंध प्राचीन काळी फारच थंड होता, असं बरीच वर्षं वाटत होतं. टांझानियातल्या चिकणमातीत काचेसारखी कवचं सापडली, २००१ साली त्यांची मोजणी प्रसिद्ध झाली आणि त्या समजाला धक्का बसला. चिकणमातीनं कवचांना पाण्यापासून झाकून ठेवलं होतं.

उरलेल्यातून निदान ३०० कवचांची जातवार गणती करून ठेवा. निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा ध्रुवीय पाण्यातली. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस अरबी समुद्रात वाढली तर मोसमी वाऱ्यानं खालचं थंड, पोषक पाणी वर आलं असं समजतात. इथे जपा, कारण बुलॉइडिस वाढली म्हणजे पृथ्वी थंड झाली असं नाही. वारा वाढला, इतकंच ती सांगते.

पहिली साक्ष: ऑक्सिजन

ऑक्सिजनची दोन समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, आपल्या कामाची: हलका १६ आणि जड १८. पाणी जितकं थंड, तितका जड ऑक्सिजन कवचात जास्त बसतो. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ साली हे तापमापक म्हणून वापरता येईल असं दाखवलं. ठरलेल्या मानकाच्या तुलनेत जड ऑक्सिजन दर हजारी किती कमी किंवा जास्त, हे कवचाचं मूल्य; म्हणून ते उणेही असू शकतं. तापमान एक अंशानं उतरलं की कवचाचं मूल्य साधारण ०.२२ दर हजारीनं वाढतं. मोजणीला काही कवचं पुरतात आणि चांगल्या यंत्राची अचूकता ०.१ च्या आत असते.

पण पाण्याचं स्वतःचं मूल्य स्थिर नसतं. महाबळेश्वरचा पाऊस आठवा. ढग घाटमाथ्यावर रिते होत पूर्वेला सरकतात आणि माण-खटावला पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. पाऊस पडताना जड रेणू आधी गळतात, म्हणून जितकं पाणी वाटेत सांडलं तितकी उरलेली वाफ हलकी. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत हेच हजारो किलोमीटर चालतं. ध्रुवावर पडणारं हिम फार हलकं असतं. ते हिम हिमावरण होऊन जमिनीवर साठून राहिलं की हलका ऑक्सिजन तिथे अडकतो आणि समुद्र जड होतो. मग समुद्र अजिबात थंड झाला नसला तरी कवचाचं मूल्य वाढतं.

सेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली खोल समुद्राच्या गाभ्यांतली ही चढउतार मुख्यतः तापमानाची मानली. निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ साली दाखवलं की त्यातला मोठा वाटा बर्फाचा आहे. आकडे दोघांकडं खरेच होते, चूक होती एका आकड्याला एकच कारण लावण्यात. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० ते १३० मीटर खाली होती आणि समुद्राचं पाणी सरासरी सुमारे १ दर हजारीनं जड झालं होतं.

दुसरी साक्ष: मॅग्नेशियम

चुन्याच्या स्फटिकात कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम शिरतं, आणि पाणी उबदार असेल तर जास्त शिरतं: अंशामागे साधारण ९ टक्के. बर्फ किती साठला याच्याशी या मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तराचा थेट संबंध नाही. म्हणूनच ही साक्ष मोलाची.

सूत्र असं वापरतात: गुणोत्तराला ०.३८ नं भागा, उत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, त्याला ०.०९ नं भागा. आलं तापमान. गुणोत्तर एका मोल कॅल्शियममागे मिलिमोल मॅग्नेशियम असं मांडतात.

इथे स्वच्छता सगळ्यात महत्त्वाची, कारण चिकणमातीत मॅग्नेशियम भरपूर असतं. वीस ते पन्नास कवचं दोन काचपट्ट्यांत हलकेच फोडून कप्पे उघडा. शुद्ध पाणी आणि मेथॅनॉलमध्ये, ध्वनिलहरींच्या टाकीत, माती निघेपर्यंत धुवा. सेंद्रिय भागासाठी अल्कली केलेलं पेरॉक्साइड, आणि शेवटी अतिसौम्य नायट्रिक आम्लाचा एक हात. मोजणी करणाऱ्या प्रयोगशाळेला अ‍ॅल्युमिनियम, लोह आणि मँगनीजचेही आकडे मागा. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम बरोबरीनं वर गेलेले दिसले तर माती राहिली आहे, तो नमुना सोडून द्या.

दोघींना समोरासमोर उभं करा

सरावासाठी मी मुलांना हे आकडे देते. वरच्या थरात रुबरचं ऑक्सिजन मूल्य उणे २.०, हिमयुगाच्या थरात उणे ०.२. फरक १.८. सगळा फरक तापमानाचा मानला तर १.८ भागिले ०.२२, म्हणजे ८ अंशांची थंडी. उष्ण कटिबंधासाठी हा आकडा ऐकूनच शंका यायला हवी.

आता त्याच थरांतलं मॅग्नेशियम: वर ४.३, खाली ३.३. सूत्रानं येतात २७ आणि २४ अंश. समुद्र ३ अंशांनी थंड. या ३ अंशांचा ऑक्सिजनमधला वाटा ३ गुणिले ०.२२, म्हणजे ०.६६. उरले १.१४. त्यातला १.० बर्फाचा. उरले ०.१४.

हे ०.१४ पाहिलं की मुलं लगेच लिहितात, 'मोसमी पाऊस कमी झाला, समुद्र खारट झाला.' दिशा बरोबर आहे, खारट पाणी जडच असतं. पण मॅग्नेशियमच्या तापमानात एखाद्या अंशाची चूक सहज असते, म्हणजे ०.२२ दर हजारी. चूकच उरलेल्या शिल्लकीपेक्षा मोठी! या एका थरावरून पावसाबद्दल काहीही म्हणता येत नाही. वरखालचे दहा थर तेच दाखवत असतील तर म्हणता येईल. 'सांगता येत नाही' असं वहीत स्वच्छ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी जास्त गुण देते.

शक्य असेल तर तिसरी साक्षही घ्या. समुद्री शेवाळं अल्केनोन नावाचे मेदासारखे रेणू बनवतात आणि पाण्याच्या उबेनुसार त्यांतल्या दुहेरी बंधांचं प्रमाण बदलतं. कवचाशी याचा काहीच संबंध नाही, हीच त्याची ताकद. मात्र २८-२९ अंशांवर हे माप टेकीला येतं.

साक्षीदार फितूर होतो तेव्हा

सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत तळाच्या फोरॅमचं ऑक्सिजन मूल्य साधारण दीड दर हजारीनं चढतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला आणि अंटार्क्टिकावर बर्फ बसला, हे त्यामागचं मोठं कारण मानतात. पण खोल समुद्रातलं मॅग्नेशियम मोजलं तर थंडी दिसेचना. सगळी चढ बर्फाची मानायची, तर अंटार्क्टिकावर मावणार नाही इतका बर्फ लागत होता.

उत्तर गाळाच्या रसायनात होतं. नेमक्या त्याच काळात, ज्या खोलीखाली चुना विरघळून जातो ती पातळी सुमारे एक किलोमीटर खाली सरकली, म्हणजे तळाच्या पाण्यात कार्बोनेट वाढलं. त्यानं मॅग्नेशियमचं माप वर ढकललं आणि थंडी झाकली गेली. कॅरोलाइन लिअर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या उथळ समुद्राच्या चिकणमातीतली कवचं मोजली, जिथे या बदलाचा त्रास कमी होता. २००८ साली त्यांनी सुमारे २.५ अंशांची थंडी दाखवली. म्हणून मॅग्नेशियमसोबत त्या थरातलं चुन्याचं प्रमाणही नेहमी मोजा. इतक्या जुन्या काळासाठी आणखी एक दुरुस्ती लागते: समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियमचं प्रमाणच तेव्हा आजच्याहून कमी होतं, त्यामुळे आजचं सूत्र जसंच्या तसं चालत नाही.

कार्बन डायऑक्साइड का घटला याच्या चर्चेत आपला दगडही येतो. भारत उत्तरेला सरकत दमट पट्ट्यात आला, सह्याद्रीचा बेसॉल्ट झपाट्यानं झिजला आणि त्या झिजेनं हवेतला वायू शोषला, असं एक मत आहे. कासच्या पठारावरचा जांभा पाहताना मला ते दर वेळी आठवतं.

वय

थर किती जुना हे ठरल्याशिवाय वरच्या सगळ्या आकड्यांना जागा नाही. सुमारे ५० हजार वर्षांपर्यंत कवचांचाच रेडिओकार्बन मोजा, पण समुद्राचं पाणी मुळातच काही शे वर्षं 'जुनं' दिसतं, ती वजाबाकी विसरू नका. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या टोबा ज्वालामुखीची राख अरबी समुद्रापर्यंतच्या गाळात सापडते आणि तिचा थर खुणेच्या दगडासारखा उपयोगी पडतो. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीलाही राख आहे, तिच्या वयावर मात्र बराच वाद झाला. त्याहून मागे चुंबकीय उलट, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल, मदतीला येते. शेवटची मोठी उलट सुमारे ७.७ लाख वर्षांपूर्वीची, आणि महाबळेश्वरच्या लाव्हाथरांत तिच्याहून कितीतरी जुनी एक उलट नोंदलेली आहे.

शेवटी तुमचा आलेख २००५ सालच्या लिसिएकी-रेमो यांच्या, तळाच्या फोरॅमच्या ऑक्सिजन मूल्यांच्या एकत्रित आलेखाशेजारी ठेवा. जगातल्या ५७ ठिकाणांवरून केलेला तो ५३ लाख वर्षांचा आहे आणि फुकट उतरवून घेता येतो. जर्मनीतलं पँजिया हे आकड्यांचं भांडार आणि नोआ या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचं हवामान-इतिहासाचं भांडार इथे इतर गाभ्यांचे मूळ आकडेही मिळतात. गाळ हाती येईपर्यंत त्या आकड्यांवर वरची वजाबाकी करून बघा, अर्धं शिक्षण त्यातच होतं.

आणि सुरुवातीला बाजूला काढलेला तो निम्मा गाळ झाकणाच्या डबीत ठेवा. गाभ्याचं नाव, खोली, तारीख पेन्सिलीनं लिहा, शाई ओल्या हातानं पुसली जाते. चिठ्ठी डबीच्या आतही एक टाका, कारण झाकणं बदलतात.